देवाची मर्जी आणि आपली जबाबदारी

शास्त्रवाचन : उत्पत्ती ४१:२५–३६, प्रेषितांची कृत्ये २७:९–४४, फिलिप्पैकरांस पत्र २:१२–१३, याकोब ४:१३–१७



‘देवाची मर्जी’ हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो! मुलाला नोकरी लागली, देवाची मर्जी. लागली नाही, तरी देवाची मर्जी. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायट्यांमध्ये हे शब्द ऐकू येतात, आणि हाच रस्ता पुढे गोवर्धन, गिरणारे करीत हरसूलच्या डोंगराकडे जातो, तिथल्या पाड्यांवरही ऐकू येतात. शब्द तेच असतात. पण ते कोण, कधी आणि कशासाठी उच्चारतो यावर त्यांचा अर्थ बदलतो.

पाड्यांवर आरोग्यसेवेसाठी जाणाऱ्या आमच्या एका भगिनीने घरगुती बायबल अभ्यासात एक प्रश्न विचारला. पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाने एक लहान बाळ दगावले होते. पाणी डबक्याचे, गाडीरस्ता पाड्यापासून दूर, आणि बाळाला झोळीत घालून खाली आणेपर्यंत उशीर झालेला. आई काहीच बोलली नाही. आजूबाजूचे म्हणाले, देवाची मर्जी. आमच्या प्रार्थनेतही कोणीतरी तेच म्हटले. भगिनीने विचारले, “ही खरोखर देवाची मर्जी होती का? असेल, तर मी औषधांची पेटी घेऊन तिकडे कशाला जाते? नसेल, तर मग देव राजा आहे असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?”

प्रश्न खरा आहे. आपण जे दान देतो, जी प्रार्थना करतो, ज्या सेवाकार्याला हातभार लावतो, ते सर्व या प्रश्नावर उभे आहे. म्हणून या अंकातील पाठासाठी तोच घेतला आहे. बायबल जवळ ठेवा आणि दिलेले संदर्भ उघडून वाचत पुढे चला.

१. शास्त्र दोन्ही गोष्टी सांगते

देव सार्वभौम आहे, म्हणजे त्याच्या राज्याबाहेर काहीही घडत नाही. स्तोत्रकर्ता सांगतो की आमचा देव स्वर्गात आहे आणि त्याला योग्य वाटते ते तो करतो (स्तोत्र ११५:३). राजाचे मनदेखील त्याच्या हाती पाटाच्या पाण्यासारखे आहे, तो हवे तिकडे ते वळवतो (नीतिसूत्रे २१:१). प्रभू येशू म्हणतो की एक चिमणीसुद्धा पित्याला ठाऊक नसता जमिनीवर पडत नाही (मत्तय १०:२९).

त्याच शास्त्रात माणसापुढे जीवन आणि मरण ठेवून निवड करण्यास सांगितले आहे (अनुवाद ३०:१९). यहोशवा लोकांना विचारतो की तुम्ही कोणाची सेवा करणार, ते आजच ठरवा (यहोशवा २४:१५). आणि शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा विचारतो की मी भुकेला होतो, तहानेला होतो, तेव्हा तुम्ही काय केले (मत्तय २५).

काही जण या दोहोंची वाटणी करतात. अर्धे देवाचे, अर्धे आपले. किंवा मोठ्या गोष्टी देवाच्या, लहान आपल्या. शास्त्रात अशी वाटणी सापडत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र ज्या वाक्यात सांगतो की ख्रिस्ताचे धरून दिले जाणे देवाच्या ठरलेल्या संकल्पाप्रमाणे झाले, त्याच वाक्यात तो श्रोत्यांना सांगतो की तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारवले (प्रे. कृ. २:२३). वधस्तंभ पूर्णपणे देवाचा संकल्प होता आणि पूर्णपणे माणसांचा गुन्हाही होता. प्रभू स्वतः शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगतो की मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जात आहे, तरी ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची दशा वाईट होणार (लूक २२:२२). ‘ठरलेले होते’ ही सबब यहूदाला मिळाली नाही.

हे दोन्ही एकत्र कसे बसते? ऑगस्टीनपासून कॅल्विन, आर्मिनियस, वेस्लीपर्यंत मंडळीतील थोर शिक्षकांनी यावर ग्रंथ लिहिले, वाद घातले. त्या वादाचा निकाल लावणे या पाठाचे काम नाही. मोशेने मात्र आपल्यासाठी एक उपयोगी रेघ आखून ठेवली आहे. गुप्त गोष्टी देवाच्या आहेत. प्रगट केलेल्या गोष्टी आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या आहेत, त्या पाळण्यासाठी (अनुवाद २९:२९). देवाची गुप्त योजना ओळखून काढण्यास आपल्याला सांगितलेले नाही. त्याची उघड आज्ञा पाळण्यास सांगितले आहे.

इथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. एकदा लिहिले की लिहिणारीही ते बदलू शकत नाही आणि ज्याचे कपाळ त्याने निमूट भोगायचे. बायबलमधील देव असा लिहून निघून जाणारा नाही. तो बोलतो, बोलावतो, रागावतो, ऐकतो, प्रार्थनेला उत्तर देतो. त्याच्या सार्वभौमत्वाला नशीब म्हणणे म्हणजे पित्याला पित्याच्या जागेवरून उठवणे.

२. दुष्टाई दुष्टाईच राहते : योसेफ आणि शरणपूर

योसेफाच्या भावांनी त्याला विकले. पुढे त्याच भावांना योसेफ सांगतो की मला इथे तुम्ही नव्हे, देवाने पाठवले (उत्पत्ती ४५:५–८). पण बाप मेल्यावर, उत्पत्ती ५०:२० मध्ये, तो तितक्याच स्पष्टपणे म्हणतो की तुमचा बेत वाईटच होता. देवाने मात्र त्यातून बरे योजले. ‘झाले ते बरेच झाले, तुम्ही काही वाईट केले नाही’ असे तो म्हणत नाही. क्षमा करतो, पण पापाला पापच म्हणतो.

याचे एक उदाहरण आपल्या नाशिकच्याच इतिहासात आहे. शरणपूर रोडने आपण रोज जातो-येतो. त्या नावामागचे शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसवलेले ख्रिस्ती गाव. शरण आलेल्यांचे पूर, असा त्याचा अर्थ. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबी गलबतांतून गुलाम नेले जात. इंग्रजी आरमाराने अशी गलबते अडवून सोडवलेली अनेक मुले मुंबईला आणली जात, आणि त्यांतील काही शरणपूरच्या आश्रमात पाठवली जात. तिथे ती लिहिणे-वाचणे शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली, प्रभूला ओळखू लागली. इतिहासात त्यांना ‘नाशिकची मुले’ हेच नाव पडले.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा यांतील काही तरुण त्यांच्याबरोबर होते, आणि पुढे आणखी काही जाऊन मिळाले. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. साहेब मेला, आता आपापल्या वाटेने जावे, असे सोबत्यांना म्हणता आले असते. पण सुसी, चुमा आणि नाशिकचे तरुण यांनी ठरवले की देह त्यांच्या लोकांपर्यंत पोहोचवायचा. हृदय तिथेच झाडाखाली पुरले. नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. मग तो देह त्यांनी हजार मैलांहून अधिक अंतर, कित्येक महिने वाहून, फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता.

पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाऊन ही वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी प्राइस गेले आणि नाशिकला शिकलेले आफ्रिकी तरुणही गेले. त्यांच्यातील विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना १८८५ मध्ये डीकन म्हणून दीक्षा मिळाली. ज्या किनाऱ्यावरून ही माणसे विकली गेली, त्याच किनाऱ्यावर ती सुवार्तेचे सेवक म्हणून परतली. योसेफाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

पण इथे सावधपणे बोलले पाहिजे. जेकबला पकडून विकणाऱ्याने देवाची सेवा केली, असे म्हणायचे का? मुळीच नाही. त्या व्यापाऱ्याचा हेतू पैसा होता आणि त्याचे कृत्य पाप होते. शिवाय ज्या मुलांची गलबते कोणी अडवली नाहीत, जी वाटेतच मेली, त्यांच्या नावाने शरणपूर उभे राहिले नाही. त्यांचा हिशेब देवापाशी आहे, आणि गुलाम विकणाऱ्यांनाही तो द्यावा लागणार आहे. देव वाईटातून बरे काढतो, ही त्याची थोरवी आहे. तिच्या आधाराने वाईट करणाऱ्याला सुटका मिळत नाही, आणि वाईट होताना पाहून गप्प बसणाऱ्यालाही नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. देवाने त्या मुलांना सोडवले, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. पण गलबत अडवायला खलाशी लागले, आश्रमात शिकवायला शिक्षक लागले, भाकरीसाठी कोणीतरी दूरवरून पैसे पाठवले. देवाने जे केले ते त्यांच्या हातून केले.

३. वचन मिळाले, तरी दोर कापावे लागले : पौलाचे तारू

या विषयावर एकच अध्याय वाचायला सांगितला, तर मी प्रेषितांची कृत्ये २७ वाचा असे म्हणेन. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तारवात एकंदर दोनशे शहात्तर माणसे आहेत. वादळ चौदा दिवस त्यांना फेकत आहे. वाचण्याची आशा संपली, तेव्हा पौल उभा राहतो आणि सांगतो की रात्री देवाच्या दूताने मला दर्शन दिले. मला कैसरापुढे उभे राहायचेच आहे, आणि माझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या सर्वांना देवाने मला दिले आहे. कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, तारवाचा मात्र होईल (वचने २२–२५). याहून पक्के वचन कोणते?

आता वचन ३० वर या. खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडीतून पळून जाण्याच्या बेतात आहेत. पौल शताधिपतीला सांगतो की हे तारवात राहिले नाहीत, तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई लगेच होडीचे दोर कापतात.

थांबून विचार करा. सर्व वाचणार असे देवाने सांगितले आहे ना? मग खलाशी पळाले तर काय बिघडले? पौलाला त्यात विरोध दिसत नाही. देवाने शेवट ठरवला आहे, आणि त्या शेवटापर्यंत नेणारी वाटही त्याचीच आहे. त्या वाटेवर खलाशांचे कसब आहे, शिपायांची चपळाई आहे, दोर कापणारी सुरी आहे. पुढे पौल सर्वांना जेवायला लावतो, कारण अंगात बळ नसेल तर पोहणार कसे? मग ते गहू समुद्रात टाकून तारू हलके करतात. शिपाई कैद्यांना मारायला निघतात, तेव्हा शताधिपती त्यांना अडवतो. शेवटी ज्यांना पोहता येते ते उडी टाकतात, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर बसून किनारा गाठतात. वचन अक्षरशः पूर्ण झाले, आणि भिजलेल्या, दमलेल्या माणसांच्या हातापायांनी पूर्ण झाले.

पौल नेहमीच असा वागत असे. यरुशलेमेत प्रभूने रात्री त्याला सांगितले की तुला रोममध्ये साक्ष द्यायची आहे (२३:११). दिवस उजाडल्यावर चाळीसहून अधिक माणसांनी त्याला मारण्याची शपथ घेतली. भाच्याने ती बातमी आणली, तेव्हा ‘माझे रोमला जाणे ठरलेच आहे’ म्हणून पौल स्वस्थ बसला नाही. त्याने भाच्याला ताबडतोब सरदाराकडे पाठवले. वचनामुळे त्याची भीती गेली. सावधपणा गेला नाही.

असाच विश्वास घेऊन एक मनुष्य आपल्या नाशिकला आला होता. त्याचे नाव गॉर्डन हॉल. अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधील ज्या मंडळ्यांतून तो आला, तिथे देवाच्या सार्वभौमत्वाची शिकवण अतिशय ठाम होती. देवाला करायचे ते तो करील, असे म्हणून घरी बसायला ती शिकवण सोयीची वाटली असती. हॉल आणि त्याचे सोबती सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांना परत पाठवण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता. त्यांनी प्रार्थना केली आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे पत्रांमागून पत्रेही लिहिली. नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि पहाराही बसवला (नहेम्या ४:९), तसेच हे. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. दार कोणी उघडले? देवाने. दारावर थाप कोण मारत होते? हॉल.

१८१८ मध्ये हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगातील साठ कोटी लोकांप्रत मंडळ्यांचे सामर्थ्य किती आणि कर्तव्य काय, हा त्याचा विषय. जगाचे तारण देवाच्या हाती आहे असे मनापासून मानणाऱ्यांनीच मंडळ्यांच्या पदरी कर्तव्याचा हिशेब टाकला.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला आला, तेव्हा इथे पटकीची साथ चालू होती. माणसे भराभर मरत होती. जवळची औषधे त्याने आजाऱ्यांना वाटून संपवली आणि तो परत निघाला. वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीत मुक्काम केला, जिथे आजारी माणसे पडलेली होती. पहाटे त्यालाच पटकीने गाठले आणि २० मार्च रोजी तो प्रभूकडे गेला. वय अवघे ४१. पत्नी आणि मुले आदल्या वर्षीच अमेरिकेला गेली होती.

पौलाच्या तारवातील सर्व वाचले, हॉल वाचला नाही. प्रत्येक सेवक सुखरूप परतेल, असे वचन देवाने दिलेले नाही. वचन आहे ते असे की प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ नाहीत (१ करिंथ १५:५८). त्याच वर्षी, १८२६ मध्ये, अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून झाला.

४. विश्वास देवाचे दान, पण ‘होय’ माणसाचे : जलालपूरची लेक

फिलिप्पै २:१२–१३ मध्ये पौल मंडळीला सांगतो की भीत व कापत आपले तारण साधून घ्या, आणि लगेच त्याचे कारण देतो : इच्छा करणे व कृती करणे या दोन्ही गोष्टी तुमच्यामध्ये साधणारा तो देव आहे. देव काम करतो ‘म्हणून’ तुम्ही काम करा. या ‘म्हणून’कडे लक्ष द्या.

गंगापूर रोडवरून गोदावरीकडे वळले की जलालपूर लागते. १८६८ मध्ये तिथे गोखल्यांच्या घरी जन्मलेली मुलगी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. ही भेट कोणी ठरवली होती? टिळकांनी तर नक्कीच नाही. पण ते पुस्तक वाचणे, डोंगरावरील प्रवचनाशी झगडणे, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणे, हे सर्व त्यांनी स्वतः केले.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळ कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि उत्तरही स्वतःच शोधले. १९०० मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकाच घरात दोघांना देवाने बोलावले, पण एकाचे ‘होय’ दुसऱ्याला उसने चालले नाही.

आपल्या सेवाकार्याला यातून मोठा धडा आहे. लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले (प्रे. कृ. १६:१४). अंतःकरण उघडणे त्याचे काम असेल, तर आपल्याला दडपण आणण्याची, आमिष दाखवण्याची काय गरज? तापाची गोळी देताना कोणाचा विश्वास विचारायचा नाही. भाकरी भुकेल्याला द्यायची, कारण तो भुकेला आहे. कोणी आशेचे कारण विचारले, तर सौम्यतेने सांगायचे (१ पेत्र ३:१५). जो खरोखर मानतो की देव राज्य करतो, तो दुसऱ्याच्या मनाचे कुलूप फोडायला जात नाही.

५. पाऊस देवाचा, बंधारा आपला

आता पुन्हा योसेफाकडे, उत्पत्ती ४१ कडे. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना योसेफ म्हणतो की ही गोष्ट देवाने निश्चित केली आहे आणि तो ती लवकरच करणार आहे (वचन ३२). सात वर्षांचा दुष्काळ टळणार नाही. पुढचे वचन कोणते असेल असे तुम्हाला वाटते? आपल्यापैकी कोणी असते तर म्हणाले असते, ‘देवाची मर्जी, सहन करा.’ योसेफ म्हणतो की तर आता एक शहाणा मनुष्य शोधून नेमा, आणि सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा (वचने ३३–३५). देवाने ठरवले आहे, हेच कामाला लागण्याचे कारण झाले.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे सर्वांत जास्त पावसाचे तालुके. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. देव हात आखडता घेत नाही. पण जमीन उताराची, खाली काळा कातळ, आणि पेठ-सुरगाण्याचे बहुतेक पाणी नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेला निघून जाते. एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवरच्या आयाबहिणी डोक्यावर हंडे घेऊन दऱ्या उतरतात आणि टँकरची वाट पाहतात. भातकापणी झाली की कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. शाळा मागे राहते, बाळाचे लसीकरण मागे राहते.

आणि आपण? १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचे पाणी आपल्या नळाला येते. तोच डोंगर, तोच देव, तोच पाऊस. आपल्यासाठी कोणीतरी भिंत बांधली, वरच्या पाड्यासाठी बांधली नाही. या फरकाला ‘देवाची मर्जी’ म्हणणे म्हणजे आपल्या न केलेल्या कामावर देवाची सही उठवणे.

म्हणून ओढ्यावर पोती रचून घातलेला वनराई बंधारा, गाळ काढलेला झरा, झाकण बसवलेली विहीर, उकळलेले पाणी, मीठ-साखरेच्या पाण्याची साधी शिकवण, यांना मी ‘सामाजिक काम’ म्हणून उपासनेपासून वेगळे काढत नाही. सुकाळात कोठारे भरणाऱ्या योसेफाची ही आज्ञाधारकता आहे. त्यासाठी पाड्यावरची माणसे स्वतः दगड उचलतात, वाळू भरतात, हेही विसरू नये. जबाबदारी फक्त देणाऱ्याची नाही. त्यांनाही देवाने हात, अक्कल आणि निवड दिली आहे. त्यांच्या वतीने सर्व काही आपणच ठरवणे हा त्यांचा आदर नव्हे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही आहे. काम करणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की सगळे माझ्यावरच अवलंबून आहे. एक बाळ वाचले की मान ताठ होते, एक दगावले की झोप उडते, आणि दोन-तीन वर्षांत माणूस आतून रिकामा होतो. पौल म्हणतो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवले देवाने (१ करिंथ ३:६). लावणारा आणि पाणी घालणारा रात्री झोपू शकतात, कारण रोप वाढवणारा जागा आहे.

६. हे दोन शब्द केव्हा उच्चारावे?

याकोबाच्या पत्रात ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द नेमके सापडतात (४:१५). उद्या अमुक गावी जाऊ, व्यापार करू, असे फुशारकीने बोलणाऱ्यांना याकोब म्हणतो की तुमचे जीवन धुक्यासारखे आहे. प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणा. मात्र त्याच परिच्छेदाचा शेवट पाहा : चांगले काय ते कळत असून जो ते करत नाही, त्याला ते पाप आहे (४:१७). दोन्ही वचने शेजारीशेजारी आहेत. ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द पुढची योजना नम्रपणे आखण्यासाठी आहेत. मागे जे करायचे राहिले त्याच्यावर पांघरूण घालण्यासाठी नाहीत.

मग त्या भगिनीच्या प्रश्नाला काय उत्तर? योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोन्ही तर्क बाजूला सारतो. देवाची कार्ये याच्यामध्ये दिसावीत असे सांगून तो म्हणतो की दिवस आहे तोवर आपण ज्याने मला पाठवले त्याची कामे केली पाहिजेत. आणि तो चिखल करून त्या डोळ्यांना लावतो. त्या आंधळ्यालाही तो कामाला लावतो : जा, शिलोहाच्या तळ्यात धू.

त्या बाळाचा मृत्यू देवाच्या नजरेबाहेर झाला नाही. ते बाळ आज त्याच्या हाती आहे, आणि त्याचे हात आपल्या हातांपेक्षा सुरक्षित आहेत. पण घाणेरडे पाणी, नसलेला रस्ता आणि उशिरा मिळालेली मदत यांना देवाने आपल्या वचनात कुठेही चांगले म्हटलेले नाही. लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी पित्याची इच्छा नाही, असे प्रभूने उघड सांगितले आहे (मत्तय १८:१४). पुढच्या बाळासाठी औषधांची पेटी घेऊन जाणे ही देवाची प्रगट मर्जी आहे. तेवढी आपल्याला नक्की ठाऊक आहे. त्या आईजवळ बसताना मात्र यांतले काहीही समजावू नये. तिच्याबरोबर रडावे. लाजराच्या कबरेपाशी प्रभूला पुढे काय होणार हे ठाऊक होते, तरी तो रडला.

चिंतनासाठी प्रश्न (घरगुती सभा व भगिनी मंडळांसाठी)

१. प्रे. कृ. २७ मधील वचने २२ ते २५ आणि ३१ एकापाठोपाठ वाचा. पौलाला त्यांत विरोध का वाटला नाही?

२. ‘देवाची मर्जी’ असे म्हणून आपल्या मंडळीने सोडून दिलेले एखादे काम आहे का? ते पुन्हा कसे हाती घेता येईल?

३. उत्पत्ती ५०:२० च्या आधारे, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याशी आपण कसे बोलावे आणि ज्याने अन्याय केला त्याच्याशी कसे?

४. या पावसाळ्यानंतर एका पाड्यावर पाणी अडवण्यासाठी तुमचे कुटुंब श्रम, वेळ किंवा दान यांपैकी काय देऊ शकेल? आकडा आणि महिना लिहून ठेवा, आणि त्याखाली ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे लिहा.

प्रार्थना

हे सार्वभौम प्रभू, आकाश व पृथ्वी तुझ्या हाती आहेत आणि आमचे श्वासही. जे तू गुप्त ठेवले आहेस त्याविषयी आम्हाला शांत मन दे. जे तू उघड सांगितले आहेस ते करण्यास आम्हाला बळ दे. ज्या घरांत आज रिकामा पाळणा आहे, तिथे तू स्वतः जा. पाड्यांवर सेवा करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना रात्रीची झोप आणि सकाळचे धैर्य दे. या वर्षीचा पाऊस तू पाठव, आणि तो अडवण्यास आम्हाला आळशी राहू देऊ नकोस. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.